सात कोफींचे जन्मदाखले

वय माणसाच्या अंगात नसतं, कागदावर असतं. हे सत्य जगात सर्वांत आधी केटा गावच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाला उमगलं. घानाच्या त्या किनाऱ्यावर बाकीचं जग वर्षाकाठी एक वर्षाने म्हातारं होतं, तेव्हा केटाची प्रजा सरासरी चार महिन्यांनीच वाढते (आधार: कार्यालयाचं रजिस्टर). रजिस्टर सांभाळणाऱ्या ऑपरेटर काफुईमावशी स्वतः अठ्ठावन्न वर्षांच्या. कागदोपत्री, अर्थात.

असं सगळं सुरळीत चाललं असताना राजधानी अक्र्याच्या मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं. सर्व संगणकांवर नवी, विकतची प्रणाली बसवावी. ही प्रणाली भलतीच खानदानी. २०१८च्या आधी जन्मलेल्या प्रोसेसरशी सोयरीकच करत नाही. केटाचे सातही संगणक २०१५चे. ते उत्तम चालत होते, पण चालणं हा गुण परिपत्रकात धरलेला नव्हता. सबब ते भंगारात. आणि कलम चार : जिथे संगणक नाही, तिथे ऑपरेटर नाही.

मावशींना रडूच कोसळलं. निवृत्तीला दोन वर्षं होती आणि घराचं छप्पर अर्धंच झालं होतं.

"मावशी, रडताय काय?" संगणक दुरुस्त करणारा सेलोर्म म्हणाला. "फुकटची प्रणाली टाकतो. तिला म्हातारेकोतारे सगळे चालतात."

टाकली, आणि सातही यंत्रं तुरुतुरु पळू लागली. तसं अक्र्याला कळवलं. उत्तर आलं : प्रणाली फुकट असल्यास तिची निविदा काढता येत नाही, आणि जिची निविदा नाही ती वस्तू शासनाच्या लेखी अस्तित्वातच नाही. (तर्क बिनतोड आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी तीन प्रतींत अर्ज करावा.)

मावशींनी डोळे पुसले. "मेल्यांना वयच हवंय ना? मग ते तर आपल्याच कपाटात आहे!"

त्यांनी उशिरा जन्मनोंदणीचे सात अर्ज काढले. याच अर्जावर गावचे चार फुटबॉलपटू गेल्या साली दुसऱ्यांदा सोळा वर्षांचे झाले होते. जन्मतारीख लिहिली १२ जानेवारी २०१८. वार शुक्रवार, म्हणून जन्मवारावरून नाव ठेवायच्या तिथल्या रीतीप्रमाणे सातही मुलांची नावं कोफी. आईचं नाव, मदरबोर्ड (यात तर खोटं काहीच नाही). साक्षीदार म्हणून चर्चचे पाद्री आणि मासळीवाल्या आजी. "अगं, मी रांगताना पाहिलंय त्यांना!" असं आजींनी शपथेवर सांगितलं.

शिक्का बसला. शिक्क्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे स्वतःवरच, तेव्हा अक्र्याने दाखले मान्य केले. विकतची प्रणाली रीतसर खरेदी होऊन कपाटात कुलूपबंद झाली. पडद्यावर तिचं चित्र लागलं. काम फुकटची करत राहिली.

महिन्याभराने तपासनीस नॉर्टेसाहेब आले. त्यांनी सातही कोफी चालवून पाहिले.

"वयाच्या मानाने फारच समंजस पोरं आहेत हो!"

मग मक्याच्या पिठाचे आक्पले आणि तळलेली मासळी पोटभर जेवले, हात धुतले आणि दार लोटून घेतलं.

"मावशी, मार्चात मला साठ पुरी होतायत. धाकटी लेक अजून शिकतेय. घरी बसलो तर तिचं कसं व्हायचं?"

मावशींना मनापासून कणव आली. त्यांनी आठवा अर्ज पुढे ओढला.

"वार कुठला टाकू, साहेब?"

वाचक हसत असतील, तर खुशाल हसावं. फक्त हसता हसता आपला शाळा सोडल्याचा दाखला काढून जन्मतारीख एकदा बघून घ्यावी. एक जूनच आहे ना?