शतकाला मालक नसतो

तात्या मोघे वकिलांनी हातात आलेला एक खटला घालवला, तो विरुद्ध बाजूच्या वकिलामुळे नव्हे, मराठी भाषेमुळे.

त्यांचा अशील कोरेगावकडचा एक गडी होता. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून तो झकास सांगत होता, "सायेब, नुसतं भांडान झालं, दुसरं काय बी न्हाई." फिर्यादीचा पुरावा लंगडा, साक्षीदार फुटलेले. न्यायाधीश त्याला सोडायच्या बेतात होते. एवढ्यात तात्या उठले आणि आपल्याच अशिलाला म्हणाले, "भांडण तोंडाने होतं. काठीने होते ती मारामारी. तुमची नेमकी कोणती झाली?"

अशील गोंधळला. डोकं खाजवून म्हणाला, "तसं म्हनाल तर मंग मारामारीच की वो."

तात्या समाधानाने खाली बसले. अशील खडी फोडायला गेला.

या तात्यांच्या शेजारी मी साताऱ्यात बिऱ्हाड केलं. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. फावल्या वेळात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. पाट्या रंगवणाऱ्याने तात्यांच्या शेजारी राहणं म्हणजे खाटकाने जीवदया मंडळाच्या दारात दुकान मांडणं. ओसरीवर पाटी वाळत घातली, की तात्या हातातला तांब्या खाली ठेवून समोर उभे राहायचे. "मास्तर, 'उत्तम चहाचे हॉटेल' म्हणजे नेमकं काय? चहा उत्तम, की हॉटेल?" मालकाला विचारायला जावं, तर तो म्हणायचा, दोन्ही नाही, पण पाटी तशीच राहू द्या.

'म्हणजे नेमकं काय?' हा तात्यांचा तकिया कलाम. मंडईत भाजीवालीने "ताजी हाय, आत्ताच आनली" म्हटलं, की तात्या विचारत, "आत्ता आणली म्हणून ताजी कशी? शिळी भाजी आत्ता आणता येत नाही काय?" त्यावर एकदा एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं वकीलसायेब, मेथी घ्याची हाय का कोर्ट भरवायचं हाय?" तात्यांना हे वाक्य फार आवडलं. व्याकरणाने चोख आहे म्हणाले, आणि दोन जुड्या जास्त घेतल्या.

वय साठीच्या पुढे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. सकाळी स्वतःच्या हाताने भात टाकायचे, तोच संध्याकाळीही खायचे. माझी बायको कधी आमटी पाठवायची, तर वाटी घासून परत यायची आणि वर निरोप, "फोडणी उत्तम. 'चांगली' नव्हे, उत्तम."

महायुद्ध संपून पलटणीतली माणसं गावोगाव परतत होती, तेव्हाची गोष्ट. कोरेगावजवळच्या एका गावचे ज्योतीबा सुभेदार माझ्याकडे आले. मिशा पीळदार, चाल अजून परेडचीच. गावच्या तालमीला शंभर वर्षं झाली होती. कुस्त्यांचा फड ठेवायचा होता, मामलेदारांना बोलवायचं होतं आणि वेशीवर लावायला मोठा कापडी फलक हवा होता.

"काय लिहायचं?" मी विचारलं.

"लिवा की, 'तालमीचे शतक'. झोकात लिवा. लाल रंगात."

मी झोकात लिहिलं. फलक ओसरीवर वाळत घातला. पहिला थांबला तो कोपऱ्यावरचा न्हावी. "कुनी काढलं शतक?" त्याने विचारलं. "बाद झाला, का अजून खेळतोय?" तो क्रिकेटचा शौकीन. त्याला समजावून वाटेला लावतो तोच तात्या आले. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मास्तर, 'तालमीचे शतक' म्हणजे नेमकं काय?"

सुभेदार तिथेच चहा पीत बसले होते. "शंभर वर्सं झाली वो तालमीला," ते म्हणाले.

"मग शताब्दी म्हणा."

"शंभर ते शंभर. त्यात काय फरक?"

तात्या ओसरीवर नीट मांडी घालून बसले, तेव्हाच मी ओळखलं की सुभेदारांची गाडी आज चुकणार.

"शतक म्हणजे कशाचाही शंभराचा गठ्ठा," तात्या म्हणाले. "धावांचा, श्लोकांचा, वर्षांचा. एकोणिसावं शतक आलं आणि गेलं. तुम्ही काही केलंत तरी गेलं, नाही केलंत तरी गेलं. शतकाला मालक नसतो, सुभेदार. शताब्दीला असतो. कुणीतरी काहीतरी सुरू केलं आणि त्याला शंभर वर्षं झाल्याची आठवण मागे राहिलेल्यांनी ठेवली, तर तिला शताब्दी म्हणायचं."

मी म्हणालो, "पण तात्या, अब्द म्हणजे वर्ष. शताब्दी म्हणजे शंभर वर्षंच झाली ना? हिंदीवाले तर शतकालाच शताब्दी म्हणतात."

"शब्दाची फोड वेगळी, शब्दाचं काम वेगळं. हिंदीवाले साताऱ्यात भेटले तर त्यांच्याशी बोलेन." मग ते सुभेदारांकडे वळले. "तुमची तालीम सुरू कोणी केली?"

सुभेदारांनी बशी खाली ठेवली. मिशीवरून हात फिरवला. "त्ये काय ठावं न्हाई बा," ते म्हणाले. "पर गावात इचारतो."

इथेच घोटाळा झाला. सुभेदारांनी गावात विचारलं. वरच्या आळीने सांगितलं, तालीम आमच्या पणज्याने काढली. खालच्या आळीने सांगितलं, पणजा तुमचा असेल, पण खड्डा आमच्या पणज्याने खणला. आजवर दोन्ही आळ्यांची पोरं एकाच लाल मातीत लोळत होती. आता वरच्या आळीने कुस्त्यांवर बहिष्कार टाकला आणि खालच्या आळीने तालमीला कुलूप ठोकलं. आठवड्याभरात सुभेदार पुन्हा आमच्या ओसरीवर हजर. या वेळी चहासुद्धा घेईनात.

"वकीलसायेब, तुमच्या एका शब्दापायी गाव फुटलं. आता तुमीच चला अन् तुमीच निस्तरा."

दुसरा कुणी असता तर तोंड चुकवून आत गेला असता. तात्यांनी काळा कोट चढवला, पगडी घातली आणि मलाही बरोबर घेतलं. मी कोर्टातले तात्या कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी गावच्या चावडीपुढे पाहिले. दोन्ही आळ्यांचे म्हातारे समोरासमोर बसले होते. तात्या एकेकाला उभं करत होते.

"तालीम किती जुनी?"

"लय जुनी."

"लय म्हणजे नेमकं किती?"

"लय म्हंजी लय!"

वरच्या आळीचा पणजा चौकशीअंती जन्मभर पायाने अधू निघाला. खालच्या आळीच्या पणज्याला गावानेच हाकलून दिलं होतं, ही गोष्ट वरच्या आळीने फार आनंदाने सांगितली. माणसं उठून उभी राहू लागली. एकाने शेजारच्याच्या मुंडाशाला हात घातला. मी निघायची वाट शोधत होतो, तोच मागे भिंतीला टेकून बसलेली जनाआजी ओरडली. गावातली ती सर्वांत म्हातारी. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"गप बसा रं मुडद्यांनो! तालीम बाबूनं काढली."

"कोण बाबू?" तात्यांनी विचारलं.

"बाबू सांगलीवाला. माझी सासू सांगायची. दुस्काळात सांगलीकडनं आलाता. घर न्हाई, दार न्हाई, मागंफुडं कोन न्हाई. त्यानं खड्डा खनला, गावच्या पोरास्नी पेच शिकिवलं. तितंच निजायचा, तितंच मेला. माझी सासू नवी नवरी, तवा त्याला भाकरी न्यून द्याची. दोनी आळ्यांतनं भाकरी जायाची त्याला."

मुंडाशावरचा हात खाली आला. बाबू ना वरच्या आळीचा होता ना खालच्या. त्यामुळे कुणाची हार नव्हती. शिवाय दोन्ही आळ्यांनी त्याला जेवू घातलं होतं, हे ऐकून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या माना ताठ झाल्या. खालच्या आळीचा म्हातारा म्हणाला, "आमची भाकरी जवसाच्या चटनीसंगं जायाची, हे बी लिवा." सुभेदारांनी तिथल्या तिथे कुलूप काढवलं.

मी हळूच विचारलं, "तात्या, पण शंभर वर्षं भरली का नेमकी?"

"भरली असतील. आसपास," तात्या म्हणाले.

'आसपास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

मी फलक नव्याने रंगवला, 'बाबू सांगलीवाला यांच्या तालमीची शताब्दी'. फड दणक्यात झाला. मामलेदारांनी बाबू सांगलीवाल्यांच्या थोर कार्यावर मोठं भाषण केलं, जसे काही दोघे शाळेत एका बाकावर होते. पहिला नारळ जनाआजीने फोडला. तात्यांना फेटा बांधला, तो त्यांनी पगडीवरूनच बांधून घेतला.

परत निघालो तेव्हा कोरेगावच्या स्टेशनवर तात्या बाकावर बसून रुळांकडे बघत होते. मी साताऱ्याकडच्या मोटारीची चौकशी करून आलो.

"मास्तर, उद्या रविवार आहे," ते म्हणाले. "माझ्याबरोबर सांगलीला येता?"

"काय काम आहे?"

"आहे जरा."

मिरजेला गाडी बदलून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी सांगलीत उतरलो. वाटेत तात्यांनी एकालाही काही विचारलं नाही. तिकिटाच्या खिडकीवर 'येथे तिकिटे मिळतील' लिहिलं होतं आणि खिडकी बंद होती, तरी बोलले नाहीत. नदीकडे जाणाऱ्या एका बोळात एका मोठ्या घरापुढे ते थांबले. घर आता एका जैन हळद व्यापाऱ्याचं होतं. दारापासून पोती रचलेली, हवेत हळदीचा वास. पुढच्या दाराने न जाता तात्या वळसा घालून मागच्या दाराशी गेले. तिथल्या दगडी पायरीपाशी उभे राहून त्यांनी घसा साफ केला.

आतून एक पोक्त बाई पदर सावरत आल्या. "कोन पायजे?"

"कुणी नको," तात्या म्हणाले. "पूर्वी हे घर दुसऱ्यांचं होतं. त्यांच्याकडे माझी आई स्वयंपाकाला होती. यशोदा मोघे. वडील गेल्यावर तिने इथेच रांधून मला शिकवलं. ती असती तर आज तिला शंभर वर्षं पुरी झाली असती. दुसरं कुणी नाही तिचं, म्हणून आलो. जरा वेळ इथे बसू का?"

बाईंनी एकदा तात्यांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "हितं पायरीवर कशाला? आत या की."

"मी इथेच बसायचो. ती सोवळ्यात असायची. आत जायची परवानगी नव्हती मला."

"आता कोन न्हाई म्हनतंय? या."

तात्या उंबऱ्यापाशी थबकले. कोट काढून घडी घातली, चपला बाजूला ठेवल्या आणि उजवा पाय आत टाकला. स्वयंपाकघर मोठं होतं. चुलीपुढची जमीन वापराने खोलगट झाली होती. तात्या तिथे वाकून उभे राहिले आणि हाताने ती जागा चाचपली.

बाईंनी पाट मांडले. "आईच्या हातचं काय आवडायचं तुमास्नी?" त्यांनी सहज विचारलं.

"सांगता येणार नाही," तात्या म्हणाले. "गरम इथल्या पंगतीला जायचं. घरी आणायची ते निवलेलं असायचं. तिच्या हातचं तव्यावरचं मी कधी खाल्लंच नाही."

बाई चुलीपुढे बसल्या. त्यांनी विझत आलेल्या चुलीत लाकूड सारलं, फुंकणीने जाळ केला आणि परातीत पीठ घेतलं. भाकरी थापण्याचा आवाज होत राहिला. मग तव्यावर फुगलेली भाकरी त्यांनी तशीच उचलून तात्यांच्या ताटात टाकली. वर तूप सोडलं.

तात्यांनी घाईने तुकडा मोडला. बोटं पोळली, तशी त्यांनी लहान मुलासारखी झटकली आणि पुन्हा भाकरीला हात घातला.

"सावकाश," बाई म्हणाल्या, "दुसरी टाकतेच हाय."