पोट, पोथी आणि पंगत

आमचे शेजारी तात्या पंगतीत बसले की आधी जेवत नसत, माणसं बघत. श्लोक संपून यजमानांनी "सावकाश होऊ द्या" म्हटलं, की आमचे हात भाताकडे आणि तात्यांची मान डावीउजवीकडे. कोण शेजाऱ्याच्या पानात डोकावतो, कोण पोट तुडुंब भरल्यावरही ईर्षेनं लाडू हाणतो, हे मनासारखं पाहून झालं की मग ते आपल्या गार झालेल्या बिरड्याकडे वळत.

पेन्शनीत निघालेले मास्तर ते. माणूस असा का वागतो, याचं त्यांनी शास्त्रच करून ठेवलं होतं. भूक, झोप, राग, माया हे पोटाचं. सोवळं, उपास, नवस हे पोथीचं. आणि चारचौघांच्या धाकानं केलेलं ते पंगतीचं. एकादशीला आमच्या काकूनं रताळ्याचा कीस पुन्हा वाढून घेतला, तर हे दारातून विचारतात, "वहिनी, हे पोटाचं, पोथीचं की पंगतीचं?" काकूनं डाव उगारला. तात्या कुंपण ओलांडून वाडीत पसार.

त्यांच्याइतकी दाट शेंडी सगळ्या दिवेआगरात कोणाची नव्हती. रोज खोबरेल चोळून तिचे लाड चालत. हिचं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हिच्यात तिन्ही आहेत. म्हणून तर जपतो."

मग त्यांचा एकुलता मुलगा मुंबईला तापानं गेला. सून यशोदा तेव्हा विशीचीही नव्हती. दहाव्या दिवशी गावातले वडीलधारे ओटीवर येऊन बसले, बरोबर न्हावी. त्या काळी आमच्यात विधवेचे केस काढायचेच. नाही काढले तर त्या घराला गावची पंगत बंद. यशोदा माजघराच्या दारात केस मुठीत धरून उभी होती.

तात्या उठले. केस वाढतात हे पोटाचं, म्हणाले. पोथ्या चाळून पाहिल्या, तर एक एक सांगते, दुसरी दुसरंच. राहिली पंगत.

"पंगतीला या घरातलं एक डोकं हवंय ना? घ्या."

आणि न्हाव्यापुढच्या पाटावर स्वतःच बसले. न्हावी गांगरला.

"तात्या, शेंडी पन?"

"शेंडी पहिली."

वडीलधारे वहाणा शोधायला लागले. माझी छाती मात्र अशी फुगली, की जणू डोकं मीच पुढे केलं होतं. असा माणूस आमचा शेजारी आहे, हे मी पुढे माणगावच्या बाजारातसुद्धा न विचारता सांगत सुटे.

पंगत बंद झाली ती झालीच. देवळात उत्सवाची पानं मांडली की श्लोक इथवर ऐकू येई, आणि तात्या ओटीवर एकटेच मान डावीउजवीकडे वळवत बसत. बघायला कोणी नसे.

काकूला ते बघवेना. पुढच्या उत्सवाला तिनं देवळाची वाट सोडली, आमच्या वाडीतली केळीची पानं कापली आणि मला घेऊन थेट तात्यांच्या पडवीत जाऊन बसली. यशोदा वाढत होती; केसांचा घट्ट अंबाडा. तात्यांनी तिलाही पानावर बसवलं. आता श्लोक कोणी म्हणायचा? मला येत नव्हता, काकू लाजली. यशोदेनं डोळे मिटले आणि वेगळ्याच चालीवर म्हटला.

तात्यांचे डोळे भरून आले. त्यांचाच प्रश्न मी त्यांना केला, हे पोटाचं, पोथीचं की पंगतीचं?

"चाल माझ्या पोराची आहे," ते म्हणाले, आणि कोणाकडे न बघता, सगळ्यांच्या आधी जेवायला लागले.