तेवीस उत्तरे

सोमवारी सकाळी अकरा वाजता तथ्यकाकांची तक्रार तथ्यकाकांच्याच टेबलावर उत्तरासाठी येऊन पडली.

अक्षर पाहताच त्यांनी ती ओळखली. महिन्यापूर्वी घरी, वहिनींच्या देखत त्यांनी ती लिहिली होती आणि साहेबांना वळसा घालून थेट मुख्य कचेरीला धाडली होती. मुख्य कचेरीने ती वाचली की नाही देव जाणे, पण शिक्का मात्र ठसठशीत मारला होता: 'चौकशी करून तक्रारदारास परस्पर उत्तर द्यावे.' चौकशी कुणी करावी? तर ज्या साहेबांविरुद्ध तक्रार, त्याच साहेबांनी! चोराच्या हाती किल्ल्या देतात हे काकांनी ऐकले होते; त्या पोस्टाने घरपोच पाठवतात हे आज पाहिले. बरे, साहेबांनीही कागद वाचला नव्हता. 'विषय: तक्रार' एवढे पाहून त्यांनी कोपऱ्यात लाल शाईने नेहमीचा शेरा ओढला होता: 'तथ्य. आजच उत्तर द्या.'

तथ्य म्हणजे काका. पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत बावीस वर्षे ते लोकांच्या तक्रारींना उत्तरे लिहीत होते. नळ कोरडा असो, पाणी गढूळ असो, की मीटर उलटा फिरत असो, उत्तराचा शेवट ठरलेला: 'सबब, आपल्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.' या एका वाक्यापायी कचेरी त्यांचे खरे नाव विसरली होती. काका स्वतः ते पगाराच्या दिवशी सही करताना आठवत.

आधीचे साहेबही काही देवमाणसे नव्हते, पण हे साहेब म्हणजे कहर होता. वयाने काकांपेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि हाक मारायची ती "ए तथ्य!" अशी, अर्ज घेऊन आलेल्या लोकांसमोर. फाइल आवडली नाही तर ती हवेतून परत यायची. एकदा तर चोपन्न वर्षांच्या या माणसाला त्यांनी हातात रजिस्टर धरून तासभर व्हरांड्यात उभे केले होते. काकांनी तेही गिळले. मुक्या माराची त्यांना सवय झाली होती.

पण दादाचा दिवस त्यांना गिळता आला नाही. आईवडील गेले तेव्हा काका सात वर्षांचे होते. दादानेच त्यांना वाढवले, शिकवले, आणि पुढे वहिनी आल्या तेव्हा "हा धाकटा, हा आपल्याकडेच राहणार" असे पहिल्याच दिवशी सांगून टाकले. तो दादा इस्पितळात होता. दुपारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, लगेच या. सारखं विचारतायत, धाकटा आला का."

काका रजेचा अर्ज घेऊन आत गेले. साहेबांनी तो फाडला. "उद्या तपासणी आहे. तेवीस उत्तरं बाकी आहेत तुझी. भावाला म्हणावं, मरायचं ते उद्या मर."

आणि काका परत येऊन जागेवर बसले. तसेच उठून का गेले नाहीत, हे त्यांना अजून सांगता येत नसे. पायच उचलले नाहीत. दादा चार वाजून दहा मिनिटांनी गेला, तेव्हा काका अठरावे उत्तर टाइप करत होते.

वहिनींनी त्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "मला त्या माणसाला शिक्षा वगैरे काही नको. चूक झाली, असं सहीनिशी लिहून द्या म्हणावं. म्हणजे ह्यांना सांगता येईल, धाकटा निघाला होता, त्याला येऊ दिलं नाही." त्या दिवसापासून काका घरात शिरले की त्या दादाच्या फोटोजवळच्या खुर्चीवरून विचारत, "उत्तर आलं का हो?"

आता उत्तर यायचे होते, आणि ते काकांनीच लिहायचे होते.

ते कागद घेऊन साहेबांच्या दाराशी गेले. "साहेब, हे उत्तर मला लिहिता येणार नाही. यात..."

"बावीस वर्षं काय गवत उपटलंस?" साहेब मोबाइलवरून मान न उचलता ओरडले. "पाचच्या आत सहीला आण!"

तेथून ते हेडक्लार्ककडे गेले. हा सज्जन माणूस होता, पण नियमांच्या पुस्तकाबाहेर त्याला दिसत नसे. त्याने पुस्तक चाळले, चष्मा पुसला, पुन्हा चाळले.

"तक्रारदारानं स्वतःच उत्तर लिहू नये, असं कुठेच म्हटलेलं नाही, काका."

"अहो, असं कुणाला सुचेल तरी का?"

"ते मला माहीत नाही. पण चौकशी म्हटली की तक्रारदाराचा जबाब पाहिजे. त्याला नोटीस काढा. पोच घ्या."

मग काकांनी स्वतःला नोटीस काढली: तीन वाजता जबाबासाठी हजर राहावे. ती स्वतःच स्वीकारली आणि पोचेवर सही केली. पावणेतीनला साहेबांनी त्यांना आत बोलावून पंखा हळू फिरतो म्हणून दहा मिनिटे आणि खिडकी करकरते म्हणून दहा मिनिटे झापले. काका जागेवर परतले तेव्हा तीन वाजून पाच मिनिटे झाली होती. हेडक्लार्क हळहळला. "उशीर झाला की हो! 'तक्रारदार वेळेवर हजर नव्हता' अशी नोंद घ्यावी लागेल तुम्हाला." काकांनी घेतली. खोटे लिहायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

आणि मग ते उत्तर लिहायला बसले. साहेब वाचत नाहीत, फक्त सही करतात, हे कचेरीतल्या भिंतींनाही ठाऊक होते. काकांनी एकेक वाक्य तोलून टाइप केले. अर्ज फाडला हे खरे आहे. अमुक शब्द उच्चारले हे खरे आहे. तक्रारदाराचे बंधू शेवटपर्यंत त्याची विचारणा करत होते आणि त्यास जाऊ दिले नाही, हेही खरे आहे. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले, पण बोटे थांबली नाहीत. सगळे झाले. उरला तो शेवट. त्यांनी 'सबब' हा शब्द टाइप केला, आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

"ए तथ्य! मेलास का?"

काका दचकून उभे राहिले. उभ्यानेच उरलेले टाइप केले, कागद छापून घेतला आणि आत धावले. साहेबांनी शिव्या देत सही केली. काकांनी स्वतः जावक क्रमांक टाकला, पाकीट डकवले, वर आपलाच पत्ता लिहिला आणि चालत जाऊन पोस्टाच्या पेटीत सोडले. त्या संध्याकाळी ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवशी पत्र घरी आले. वहिनींनी ते न फोडता ठेवले होते. काका आल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि फोटोकडे तोंड करून मोठ्याने वाचू लागल्या. 'अर्ज फाडला हे खरे आहे' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. पुढच्या ओळीला त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या, आणि थांबूनच राहिल्या.

"काय झालं, वहिनी?"

त्यांनी कागद पुढे केला. 'सबब, आपल्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.'

आपला हात जगन्नाथ म्हणतात. काकांचा हात मात्र बावीस वर्षे साहेबांचा होता. ओरडा ऐकला की ही बोटे काय करतात, ते काकांना त्या क्षणी दिसले. ते लहान मुलासारखे रडले. "मीच लिहिलं, वहिनी. त्यानं ओरडायचा अवकाश... मीच लिहिलं."

वहिनींनी कागद टेबलावर पसरला आणि शेवटची ओळ आत जाईल अशी त्याला नीट घडी घातली. आता खऱ्या ओळींच्या लगेच खाली साहेबांची सही आली. तो कागद त्यांनी दादाच्या फोटोला टेकवून उभा केला.

"भाऊजी," मग त्यांनी विचारले, "चार दहाला तुम्ही कुणाचं उत्तर लिहीत होतात?"

हे आजवर कुणी विचारले नव्हते. "तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचं. वरपर्यंत पाणी चढत नाही, गुडघे गेलेत, बादल्या नेववत नाहीत, असं लिहिलं होतं."

"मग? चढलं का पाणी?"

काकांनी मान खाली घातली. "तथ्य आढळलं नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी कपाटातून दादा गेला त्या दिवसाचा गठ्ठा काढला. हेडक्लार्क धावत आला. "काका, निकाली निघालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही! हे तुम्हीच शेकडो लोकांना कळवलंय."

"उघडत नाही. चूक दुरुस्त करतोय. शुद्धिपत्रक काढायला बंदी आहे का?"

हेडक्लार्कने पुस्तक चाळले. बंदी नव्हती.

काकांनी तेवीस शुद्धिपत्रके टाइप केली. आपल्या तक्रारीत तथ्य आढळून आले असून पाणी देण्याची जबाबदारी या कार्यालयाची आहे. आतून दोनदा हाक आली. दोन्ही वेळा त्यांनी बोटे उचलून मांडीवर ठेवली आणि हाक विरल्यावर पुन्हा टाइप करायला घेतले. साहेबांनी उशिराबद्दल त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तेवीसच्या तेवीस पत्रांवर सह्या ठोकल्या.

पाकिटे रवाना झाली तेव्हा घड्याळात चार वाजले होते. काकांनी चष्मा खिशात ठेवला आणि छत्री घेतली.

"ए तथ्य! कुठे चाललास?"

या वेळी पाय उचलले. काका जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि सरळ घरी आले. इतक्या लवकर दार वाजलेले ऐकून वहिनी खुर्चीतून उठल्या, त्यांनी दार उघडले आणि नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडले. मग काकांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी तो गिळला.

"आज तेवीस उत्तरं पाठवली, वहिनी," काका म्हणाले. "तिसऱ्या मजल्याचं सगळ्यात आधी."

वहिनी फोटोकडे वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "धाकटा आला."