लाल पट्ट्याच्या एकशे वीस नळ्या

आतषबाजीचा हंगाम संपला की लोकांच्या लेखी सगळं संपतं आणि उत्सव विभागाच्या भांडारपालाचं काम सुरू होतं. गोळे ज्यांतून आकाशात उडतात त्या एकशे वीस नळ्या काजळीने माखून परत येतात. त्या लांब दांड्याच्या ब्रशने आतून घासायच्या, सावलीत वाळवायच्या आणि शेवटी एकेक नळी बोटाच्या पेराने वाजवून बघायची. धड नळी खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. वीस वर्षं हेच केल्यामुळे भांडारपालांचं खरं नाव विभाग विसरला होता. सगळे त्यांना टकटकराव म्हणत आणि तेही ओ देत.

यंदा अकरा नळ्या बद्द वाजल्या. तडा गेलेली नळी गोळा वर फेकत नाही, स्वतःच बाजूला फुटते, आणि बाजूला मान्यवरांची पहिली रांग असते. टकटकरावांनी अकरा क्रमांक वहीत टिपले आणि नळ्या मोडीत काढण्याचा अर्ज घेऊन ते साहेबांपुढे उभे राहिले.

"फुटल्याचा पंचनामा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"अजून फुटल्या नाहीत, साहेब. तडे गेलेत."

"मग घाई कसली? नमुन्यात रकाने दोनच. सुस्थितीत आणि फुटलेली. तडा कुठे लिहू, माझ्या कपाळावर?"

"पण फुटल्या तर माणसं भाजतील."

"तेव्हा पंचनामा होईलच की," साहेब समजुतीने म्हणाले. "मग तुमचा अर्ज मी एक दिवससुद्धा अडवणार नाही."

नळ्या गुपचूप बाजूला काढाव्यात तर त्या उभ्या करायच्या चौकटीत खोबण्या एकशे वीस. एक जरी रिकामी दिसली तरी चोरीचा आळ. म्हणून टकटकरावांनी त्या अकरा नळ्यांवर ठसठशीत लाल पट्टा ओढला. उडवणाऱ्यांना तोंडी सांगून ठेवलं, लाल पट्ट्याच्या नळीत गोळा घालू नका. त्यांना वाटलं, सुटलो.

मग वार्षिक तपासणी पथक आलं. पथकात तिघे होते आणि आतषबाजीशी तिघांचाही संबंध पहिल्या रांगेतल्या खुर्चीपुरताच होता. त्यांनी नळ्यांना हात लावला नाही, कारण हात काळे होतात. दारातूनच बघून त्यांनी शेरा मारला: 'साहित्यात एकसारखेपणाचा अभाव. अकरा नळ्यांना पट्टा, उर्वरित एकशे नऊ वंचित.'

शेऱ्याची पूर्तता विभागाने विक्रमी वेगाने केली. टकटकराव एक दिवस रजेवर होते, तेवढ्यात रंगारी आला आणि एकशे वीसच्या एकशे वीस नळ्यांना लाल पट्टा मारून गेला, तोही नेमका नळ्यांवरचे क्रमांक झाकून. टकटकराव वही घेऊन धावत आले, तर भांडाराच्या दाराला लाखेचं सील. उत्कृष्ट साहित्याला कुणाचा हात लागू नये, म्हणून. सील पुढच्या हंगामात आतषबाजीच्या प्रयोगाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते तुटणार होतं. तोवर उडवणाऱ्यांनाही लेखी कळवण्यात आलं, की लाल पट्टा म्हणजे तपासलेली नळी.

टकटकरावांनी तीन पत्रं लिहिली. तिन्ही घेऊन साहेबांनी त्यांना बोलावलं आणि चक्क चहा दिला.

"सर्वोत्तम देखभालीचा पुरस्कार तुम्हाला जाहीर झालाय," साहेब म्हणाले. "आता पुरस्काराचा मानकरीच म्हणतोय की साहित्य खराब आहे. कसं दिसतं ते? तुमच्या बढतीची फाईलही वरच आहे."

टकटकरावांनी चहा संपवला. तिन्ही पत्रांच्या घड्या केल्या आणि खिशात घातल्या. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःची लाज वाटली. ती घरी पोचेपर्यंत टिकली.

पुरस्कारासोबत पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांचे पास आले होते. प्रयोगाच्या दिवशी बायको ठेवणीतली साडी नेसून आणि आपल्या आईला घेऊन मैदानावर आली. टकटकरावांनी दोघींना पहिल्या रांगेपासून मागे नेलं आणि पार शेवटी, कुंपणाला टेकवून बसवलं.

"अहो, मानाची जागा सोडून इथे कुठे?" बायकोने विचारलं.

"लांबून जास्त छान दिसतं."

वीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचा आवाज असा बद्द कधी ऐकला नव्हता. ती पुढच्या रांगेकडे बघून हळूच म्हणाली, "आणि त्या लोकांचं काय?"

"तो विभागाचा प्रश्न आहे," टकटकराव म्हणाले.

पहिल्या रांगेतल्या त्या दोन खुर्च्या मिनिटभरही रिकाम्या राहिल्या नाहीत. तिथे कोण बसलं ते आम्ही वेगळं सांगायला नको. ओळख काढून, स्वयंसेवकाला दटावून, मुलाला मांडीवर घेऊन तुम्ही ऐटीत बसलात, समोरचे लाल पट्टे बघितलेत आणि शेजाऱ्याला म्हणालात, "काही म्हणा, व्यवस्था मात्र चोख ठेवलीय."