रुमाल वेळेवर पोहोचला

तिकिटं काढताना मी एक छोटासा निर्णय घेतला: सीट रिझर्व्ह करायची नाही. (निर्णय मी घेतो, निस्तरते सुहासिनी.) आमच्या कस्तुरीचा मँचेस्टरला दुपारी पदवीदान समारंभ, आणि आम्ही राहतो त्या इंग्लंडमधल्या रीडिंगहून थेट ट्रेन.

"अहो, जागा नाही मिळाली तर?"

"मी आहे ना!"

लग्नानंतर रत्नागिरीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून मी हिला जागा मिळवून दिली होती. तेव्हा हिने माझ्याकडे ज्या कौतुकाने पाहिलं, ते रीडिंगच्या अठरा वर्षांत एकदाही वाट्याला आलं नाही. खरं सांगतो, मला ते पुन्हा हवं होतं.

इथल्या ट्रेनच्या खिडक्या उघडत नाहीत. म्हणून मी धावत आत शिरलो, एका सीटवर रुमाल पसरला, शेजारी कोट ठेवला आणि बॅगांपाशी थांबलेल्या सुहासिनीला आणायला खाली उतरलो. बॅग उचलेपर्यंत दारं बंद! रुमाल, कोट, कोटातला फोन आणि फोनमधली ट्रेनची नि समारंभाची सगळी तिकिटं घेऊन ट्रेन अगदी वेळेवर निघाली.

सुहासिनीने पर्समधून स्वतःचा फोन काढला. तिने माझ्या नंबरवर फोन लावला.

"मी गिरीश तांबे, स्लाऊचा. रुमाल बघितला, म्हटलं आपलंच कुणीतरी! काळजी करू नका वहिनी, कुणाला बसू देत नाहीये."

"अहो, पण आम्ही ट्रेनमध्येच नाही!"

"असू दे हो. जागा सोडायची नाही!"

मग आम्ही नवी तिकिटं काढली; बर्मिंगहॅमपर्यंत एक ट्रेन, पुढे दुसरी, ती मध्येच बंद पडल्यावर बस, मग ट्राम, आणि शेवटी पळत. (पळताना माझा फक्त श्वास पुढे जातो.) पोरगी स्टेजवर जाईल आणि समोर आपलं कुणीच नसेल, या भीतीने मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. सुहासिनीने माझा हात घट्ट धरला.

पोहोचलो तेव्हा कस्तुरीची रांग स्टेजकडे जायला उठली होती. आमच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर कोट, दुसरीवर तांबे! कोट-फोन पोहोचवायला आलेल्या तांब्यांना कस्तुरीनेच माझ्या फोनमधल्या तिकिटावर आत घेतलं होतं, आणि आमची नावं दारावर सांगून ठेवली होती. सुहासिनी पटकन कोट उचलून बसली. तांबे उठू लागले, तशी दारावरची बाई कुजबुजली, "नो मूव्हिंग, प्लीज." मी मागे उभा राहिलो. कस्तुरीचं नाव पुकारलं, तिने आईकडे पाहिलं, मग मला शोधून हात हलवला. मी सरळ रडलो.

बाहेर भुरभुर पाऊस होता. तांबे कुडकुडत होते, म्हणून कस्तुरीने माझा कोट त्यांना चढवला आणि मायलेकींनी त्यांना मध्ये घेऊन फोटो काढला. म्हणजे, काढला मी.

संध्याकाळी पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. "सुहासिनी, फोटो बघितला गं. चष्मा सापडत नाहीये, पण जावईबापू केवढे सुधारलेत! अगदी रुबाबदार दिसतायत."

सुहासिनीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"हो ना आई," ती म्हणाली.