नक्षत्रयानातला स्वयंपाकी

अख्ख्या अकोल्यात ‘नक्षत्रयान’ आपल्याइतकं कोणालाच पाठ नाही, याबद्दल मोतीराम तेलगोटेंना तिळमात्र शंका नव्हती. त्यांच्या लहानपणी दर रविवारी लागणारी ही अंतराळातली मालिका आता नव्यानं मोबाइलवर आली, आणि त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं, दीक्षाचं, जिणं कठीण झालं. मोतीराम दर दोन मिनिटांनी भाग थांबवत.

“जुना कप्तान असा पळे नाही. तो इचार करे.”

“स्फोट झाला ना बाबा! पळन नाही तं काय करन?”

“जुन्यात स्फोटच नव्हते.”

चाळीस मिनिटांचा भाग असा दोन तासांनी संपे, तेव्हा बापलेक दोघंही दिवसभर कापूस वेचून आल्यासारखे गळून गेलेले असत.

जठारपेठेतल्या वाचनालयाचे ग्रंथपाल धर्मपाल यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी मोतीरामांचं व्याख्यानच ठेवलं: ‘नक्षत्रयान: जुनं आणि नवं’. रविवारी संध्याकाळी चाळीसेक माणसं जमली. मोतीरामांनी तासभर नव्या मालिकेची सालटी काढली आणि मग ते जुनीच्या शेवटावर आले. यानात एकच जागा उरली आहे. कप्तान ती आजारी स्वयंपाक्याला देतो आणि परक्या ग्रहावर एकटा मागे राहतो.

“जाताजाता तो म्हणतो,” मोतीराम हळू म्हणाले, “माह्या मायले सांगजा, मी जेवलो म्हणून.”

पुढच्या रांगेतल्या बेबीताईंनी डोळ्यांना पदर लावला.

मागून पंजाबराव उठले. अमरावतीत तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. “मी तवा सगळे भाग टेप करून ठेवले होते,” ते म्हणाले. “शेवटचा पेन ड्राइव्हवर आणला हाये. दाखवू का?”

धर्मपालांना आनंद झाला. मोतीरामांना तर फारच झाला. ते अगदी मधल्या खुर्चीवर जाऊन बसले.

पडद्यावर यान सुखरूप खाली उतरलं. कप्तानाच्या गळ्यात हार पडला. एका मंत्र्याचं भाषण झालं आणि नावं सुरू झाली.

“स्वयंपाकी कुठी गेला?” बेबीताईंनी विचारलं.

“स्वयंपाकी कोणत्याच भागात नाही,” पंजाबराव म्हणाले. “ते लोक गोळ्या खात. आन् कप्तान वऱ्हाडी कवा बोलला? तो हिंदी बोले.”

“ही दुसरी प्रत असन,” मोतीराम म्हणाले. कोणी वाद घातला नाही, हेच वाईट झालं. चहा देताना धर्मपालांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. “होते असं, बाबा,” दीक्षा ऑटोत म्हणाली, ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

घरी येऊन त्यांनी चांदूर रेल्वे गावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, इंदूबाईंना, फोन लावला. चाळीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. जुन्या ‘नक्षत्रयान’चा एकही भाग त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. शेजाऱ्यांच्या खोलीत जागा नसे, म्हणून भाऊबहीण बाहेर खिडकीशी उभे राहत. मोतीराम बुटके. इंदूबाई टाचा उंच करून आत बघत आणि एकेक गोष्ट खाली सांगत.

“अक्का, त्या यानात स्वयंपाकी कुठून आला?”

“कोणता स्वयंपाकी?”

“नक्षत्रयानातला. तूच तं खिडकीतून पाहून सांगतलं होतं.”

“मले तरी कुठी दिसे रे? आतून पडदा लावलेला राहे. नुस्ता आवाज ये, तोही हिंदीतला, समजे नाही. तू रडाले लागे, मंग मी सांगो आपल्या मनानं.”

“अठराही भाग?”

“तू दर रविवारी हात धरून वढत ने. काय करू मंग?”

मोतीराम खाली बसले. ज्या मालिकेपुढं त्यांनी नवीला इतकं नापास केलं होतं, ती एका तेरा वर्षांच्या पोरीनं खिडकीच्या पडद्याकडे बघत उभ्या उभ्या रचली होती. स्वयंपाक्यासकट. त्यांना राग येईना आणि हसूही येईना. फार थकल्यासारखं मात्र वाटलं.

“नवी पाह्यली का तू?” त्यांनी विचारलं.

“पाह्यली ना. सुनेनं मोबाइलवर लावून देल्ली.”

“मंग कोणती चांगली? आपली का नवी?”

“नवी,” इंदूबाई म्हणाल्या. “पुरी दिसते ना बापा.”