गैरहजर सभासदांचे वसंतकाका

वसंतकाका रिकाम्या खुर्चीलाही विचारल्याशिवाय बसत नाहीत. पाठीवर हात ठेवतात, जरा वाकतात, "बसू का?" म्हणतात आणि उत्तरासाठी थांबतात. बहुतेक वेळा बसतात. पण कधीकधी "ओह, सॉरी, सॉरी" म्हणत शेजारच्या खुर्चीकडे सरकतात. मग त्या पहिल्या खुर्चीवर उरलेला कार्यक्रमभर कुणीच बसत नाही. शेजारच्या शॉमबर्ग गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा लोक हातात प्लेटा घेऊन भिंतीला टेकून जेवले, पण मधली एक खुर्ची तशीच राहिली. सगळ्यांनी फक्त तिला वळसा घातला.

काका मूळचे नागपूरचे, रिटायर्ड केमिकल इंजिनिअर. आमच्याच गल्लीत राहतात. दारूच्या थेंबाला आयुष्यात शिवले नाहीत. ख्रिसमसला कुणी केक दिला तर रमचा वास येतो का म्हणून आधी हुंगतात. आणि तरी ते आमच्या या अमेरिकन गावाच्या लिकर कमिशनवर, म्हणजे दारूची लायसन्स ठरवणाऱ्या समितीवर आहेत. पिणारा माणूस नेमला तर तो आपल्या बारची बाजू घेईल, असं मेयरबाईंचं म्हणणं.

मी सिटी हॉलमध्ये क्लार्क आहे. सभेचं इतिवृत्त मी लिहिते, त्यामुळे काकांचं "नोंद घ्या" सगळ्यात जास्त माझ्या वाट्याला येतं. "बाहेर स्नो सुरू झालाय, नोंद घ्या." "या कॉफीला चव नाही, नोंद घ्या." आता यातलं काय लिहायचं नाही, हे मला बरोबर कळतं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर कौन्सिलमध्ये एक ठराव आला. माजी सैनिकांचा क्लब आणि लिथुएनियन लोकांचा एक जुना क्लब, या दोघांना लायसन्सची फी नावापुरती होती. बारवाल्यांची तक्रार आली, आणि हॅन्ली नावाच्या कौन्सिलमननी ती उचलून धरली. "दारू ती दारू. सगळ्यांना एकच फी." लिथुएनियन मंडळींनी सांगून टाकलं, असं झालं तर आम्ही कुलूप लावू. सैनिकांच्या क्लबाकडून काहीच उत्तर आलं नाही.

"काहून आलं नाही?" काका म्हणाले. "जाऊन बघू. मंजिरी, गाडी काढ."

दुपारचे तीन वाजले होते, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की दिवे लावून ड्राइव्ह करावं लागलं. क्लब म्हणजे विटांची एक बैठी इमारत. आत अंधारी, लाकडी खोली आणि लांबलचक बार. माणूस एकच. बारमागे डोना, सत्तरीतली, पांढऱ्या केसांची वेणी घातलेली.

दाराशीच एक छोटं गोल टेबल मांडलेलं होतं. पांढरा टेबलक्लॉथ, बशीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, पालथा घातलेला ग्लास आणि एक रिकामी खुर्ची. युद्धावरून जे परत आलेच नाहीत, त्यांच्यासाठी असं टेबल मांडायची इकडे पद्धत आहे. मला ते माहीत होतं, म्हणून मी वळसा घालून पुढे गेले. काका मात्र सरळ गेले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, वाकले आणि मराठीत म्हणाले, "बसू का?"

थांबले. मग "ओह, सॉरी" म्हणून मागे सरले.

डोनानं ग्लास पुसता पुसता विचारलं, "नाही म्हणाला ना? तो सगळ्यांनाच नाही म्हणतो."

भिंतभर हुक होते आणि प्रत्येक हुकावर एक काचेचा मग. प्रत्येकावर नाव कोरलेलं. "हे सगळे सभासद?" मी विचारलं.

"होते. आता येतात ते एका टेबलाभोवती मावतात. बाकीचे..." तिनं भिंतीकडे हनुवटी केली. "ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या मगात रात्री थोडी बिअर ओतून ठेवते."

"ती पितं कोण?"

"मला काय माहीत, हनी? सकाळी कमी झालेली असते."

"बाष्पीभवन," काका लगेच म्हणाले. त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला होता. मग भिंतीकडे जरा वेळ बघत राहिले. "किंवा नसेलही. नोंद घ्या."

तेवढ्यात बारच्या टोकाचं उंच स्टूल हळूच फिरलं. कुणी उतरून गेल्यावर फिरतं तसं, अर्धं, आणि थांबलं. माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

"तळघरातला हीटिंगचा फर्नेस," डोना म्हणाली. "सुरू झाला की जमीन थरथरते."

काकांनी स्टुलाला मान लववून "गुड आफ्टरनून" केलं आणि एकेका मगावरचं नाव वाचत भिंतीच्या कडेनं चालू लागले. निघेपर्यंत बाहेर पूर्ण काळोख झाला होता. परतीच्या वाटेवर मी आरशातून मागची सीट दोनदा तपासली.

सभेत हॅन्लींनी आकडे मांडले, बारवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांची पाळी आली तेव्हा ते उठले आणि कोटाचं बटण लावत म्हणाले, "लायसन्सची फी पिणाऱ्यांसाठी असते. या क्लबातले बहुतेक सभासद पीत नाहीत."

"सभासद आहेत किती?" हॅन्लींनी विचारलं.

"जिवंत, की सगळे?"

हॉलमध्ये हशा पिकला. काका हसले नाहीत, ते नुसते थांबून राहिले, खुर्चीपाशी थांबतात तसे. हसू हळूहळू विरलं. कुणीतरी खोकलं, आणि मग खोकणंही थांबलं.

"मिस्टर हॅन्ली," काका म्हणाले, "तुमच्या वडिलांचा मग खिडकीजवळ आहे. स्वच्छ आहे. मी हातात घेऊन बघितला."

हॅन्लींच्या हातातला कागद तसाच राहिला. वडिलांच्या फ्युनरलनंतर ते त्या दारातून आत गेले नव्हते, हे गावातल्या जुन्या लोकांना माहीत होतं. मला तेव्हाच कळलं.

"खिडकीजवळ?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. "त्यांना खिडकीजवळच बसायला आवडायचं."

ठराव हॅन्लींनी स्वतःच मागे घेतला. दोन्ही क्लबांना जुनीच फी राहिली. बारवाले कुरकुरत गेले. काकांनी मला जाता जाता सांगितलं, "हॅन्ली रडले, याची नोंद घेऊ नको."

फेब्रुवारीत क्लबाचं नवं लायसन्स तयार झालं. ते पोस्टानं जातं, पण माझ्या वाटेवरच होतं म्हणून मी स्वतः घेऊन गेले. दार उघडं होतं. बारमागे कुणी नव्हतं. आतल्या खोलीतून पाण्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी मराठीत बोलत होतं. हळू, समजावणीच्या सुरात, लहान मुलाशी बोलावं तसं. त्या अंधाऱ्या खोलीत, त्या गोल टेबलाशेजारी मी कान देऊन उभी राहिले.

डोना कोपऱ्यातून पुढे आली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं. "दर मंगळवारी येतो," ती कुजबुजली. "डिशवॉशर आहे म्हटलं, तर म्हणाला, मशीनचं पाणी फार कढत असतं."

मी आत डोकावले. काका बाह्या दुमडून सिंकपाशी उभे होते. शेजारी मगांची रांग. त्यांनी नळ सोडला, मनगटाची आतली बाजू पाण्याखाली धरली, नळ थोडा फिरवला, पुन्हा धरली. त्यानंतर एक मग दोन्ही हातांनी उचलून त्यावरचं नाव वाचलं.

"चला मिस्टर कोवाल्स्की. डोळे मिटा बरं. साबण जाईल."

मला हसू आलं.

त्यांना माझी चाहूल लागली असावी. वळले नाहीत. मगावरून तळहात फिरवत राहिले.

"कुमुदला हॉस्पिटलातूनच नेलं, परस्पर," ते म्हणाले. "साथीचं वर्ष होतं ना. मला स्क्रीनवर दाखवलं. मी म्हटलं, बाकी काही नको, फक्त आंघोळ घालू द्या. हवं तर ग्लोव्हज घालतो, मास्क दोन लावतो. नर्स बिचारी रडत होती. सॉरी सर, सॉरी सर म्हणत होती." त्यांनी मग पाण्याखाली धरला. "थंड पाणी कधी सोसलं नाही तिला. कुणी घातली असेल का, गरम पाण्यानं घातली असेल का, काहीच कळलं नाही मला."

कुमुदकाकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही सगळे तेव्हा गाडीतूनच हात हलवून, पायरीवर डबे ठेवून परत गेलो होतो. त्याबद्दल काकांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं, मीही नाही.

मी लायसन्स बाजूला ठेवलं, कोट काढला आणि खुंटीवरचा टॉवेल घेतला. काकांनी निथळता मग माझ्या हातात दिला. अजून कोमट होता.

"हळू पूस," ते म्हणाले. "कानामागं ओलं राहतं."